अपठित उतारा आणि आपण

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षा हा साहित्याच्या अभ्यासकांनी चर्चेला घेण्याचा विषय आहे का, अशी शंका कोणालाही येईल. मलाही ती होती. 'कॅट', 'सीईटी', 'मॉक', 'पर्सेंटाइल' हे शब्द आपल्या स्टाफरूममध्ये उच्चारले जातात ते बहुधा किंचित नाक मुरडून, आणि तेही आपल्याला सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात. ह्या परीक्षांचा मोठा हिस्सा वाचनाचा असतो, म्हणजे आपल्याच विषयाचा असतो, ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. माझ्या ती ध्यानात आली एका माजी विद्यार्थ्यामुळे, आणि तीही स्वतः चुकल्यावर.

हा मुलगा वसईचा. घरी कादोडी बोलणारा, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला. अकरावी-बारावीला वाणिज्य शाखेत असताना मराठी हा विषय तो माझ्याकडे शिकला. पुढे बी.कॉम. होऊन अंधेरीच्या एका कचेरीत हिशेबाच्या कामाला लागला आणि नोकरी सांभाळून प्रवेशपरीक्षेची तयारी करू लागला. ज्या गाडीतून तो रोज अंधेरीला उतरतो तीच गाडी पुढे चर्चगेटला जाते, आणि तिथे मुंबई विद्यापीठाने १९६५ साली स्थापन केलेली जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था आहे. शेवटच्या स्थानकापर्यंत जायचे, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. सकाळच्या विरार लोकलमध्ये वही उघडणे अशक्य असते. हात वर करून मोबाइल डोळ्यांसमोर धरता आला तरी पुष्कळ. म्हणून त्याने अभ्यासाची वाटणी करून टाकली होती: गणित आणि तर्ककोडी रात्री घरी, इंग्रजी उतारे गाडीत. नायगाव सोडून भाईंदरची खाडी ओलांडेपर्यंत एक उतारा, बोरिवली येईपर्यंत दुसरा. शेजारी भजनी मंडळाचे टाळ वाजत असताना परकीय भाषेतला, परकीय विषयावरचा मजकूर वाचून त्यातला युक्तिवाद धरून ठेवायचा, हे काम मला तरी जमले नसते.

एका रविवारी तो एक उतारा घेऊन घरी आला. म्हणाला, "मॅडम, ह्याचं उत्तर 'ब' का नाही, हे क्लासमध्ये कुणी नीट सांगत नाही. फक्त 'ड' बरोबर आहे म्हणतात."

उतारा शहरांच्या कडेने असलेल्या शेतजमिनीवर होत गेलेल्या बांधकामांविषयी होता. प्रश्न होता, लेखकाचा दृष्टिकोन कोणता? 'ब' हा पर्याय साधारणपणे 'ह्या बदलाविषयी चिंताग्रस्त' अशा अर्थाचा होता. मी उतारा वाचला आणि 'ब' हेच उत्तर कसे योग्य आहे, उत्तरपत्रिकाच कशी चुकीची असली पाहिजे, हे त्याला दहा मिनिटे समजावून सांगितले. तो ऐकत होता. मग त्याने पुन्हा मोबाइल हातात घेतला, एकेका वाक्यावर थांबत उतारा वाचला आणि म्हणाला, "मॅडम, चिंता वाटते असं लेखक म्हणत नाहीये. तो सांगतोय की काही लोक असं म्हणतात. आपण दोघांनी वसईबद्दल उत्तर दिलं."

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन ज्यांनी पाहिले किंवा घरातल्या मोठ्यांकडून ऐकले, २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाल्याचे आणि त्याच्या आधी-नंतर वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्याचे ज्यांनी पाहिले, त्यांच्या मनात शेतजमीन आणि बांधकाम हे दोन शब्द शेजारी आले की एक तयार भावना जागी होते. ती भावना खोटी नव्हे. परंतु ती त्या उताऱ्यात नव्हती. ती आम्ही घरून आणली होती. पंचवीस वर्षे साहित्य शिकवणाऱ्या मला जे दिसले नाही ते हिशेब लिहिणाऱ्या मुलाला दिसले, कारण त्याला गेले वर्षभर रोज तोच सराव होता.

ह्या प्रसंगाने मला आय. ए. रिचर्ड्‌स ह्यांची आठवण झाली. केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचायला देऊन त्यांनी लिहिलेल्या अभिप्रायांचा अभ्यास रिचर्ड्‌सने 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' (१९२९) ह्या ग्रंथात मांडला, हे आपण सगळेच शिकवतो. वाचकांच्या अडचणींची जी यादी त्याने दिली तिच्यात पहिली अडचण अगदी साधी आहे: मजकुराचा सरळ अर्थच न लागणे. त्याच यादीत वाचकाच्या खाजगी आठवणींची लुडबूड आहे, ठोकळेबाज प्रतिसाद आहेत, आधीच ठरलेल्या मतांचा आग्रह आहे. त्या रविवारी ह्यांपैकी निदान तीन अडचणी माझ्या बैठकीच्या खोलीत हजर होत्या. रिचर्ड्‌सची ही यादी मी अनेक वर्षे फळ्यावर लिहून दिली आहे आणि विद्यार्थ्यांनी ती परीक्षेत जशीच्या तशी उतरवली आहे. त्या यादीतला दोष स्वतःच्या वाचनात पकडण्याची वेळ मात्र मी त्यांच्यावर कधी आणली नाही.

आता ह्या परीक्षेचे स्वरूप पाहू. 'कॅट' २०२० पासून दोन तासांची आहे; प्रत्येकी ४० मिनिटांचे तीन विभाग. २०२४ च्या परीक्षेत एकूण ६८ प्रश्न होते, त्यांपैकी २४ भाषेच्या विभागात, आणि त्यांतले १६ चार उताऱ्यांवर. उरलेल्यांत विस्कटलेल्या वाक्यांचा क्रम लावणे, परिच्छेदाचा नेमका सारांश निवडणे, गाळलेले वाक्य त्याच्या जागी बसवणे असे प्रकार असतात. राज्याच्या सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांत ५० भाषा व आकलनाचे असतात. 'कॅट'चे उतारे व्यापाराविषयीचे असतील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते इतिहासाचे, मानववंशशास्त्राचे, तत्त्वज्ञानाचे, पर्यावरणाचे, क्वचित साहित्यसमीक्षेचेही असतात. साहित्याचा पदवीधर जे कधीतरी वाचील अशी आपली अपेक्षा असते, ते व्यवस्थापनाकडे निघालेला मुलगा रोज गाडीत वाचतो.

प्रश्नांचे प्रकारही आपल्या ओळखीचे आहेत. रिचर्ड्‌सने अर्थाचे चार प्रकार मानले: शब्दार्थ, भाव, सूर आणि हेतू. लेखक काय म्हणतो हा पहिल्याचा प्रश्न झाला. लेखकाचा सूर कोणता, हा तिसऱ्याचा. त्याने हा परिच्छेद किंवा हे उदाहरण कशासाठी दिले, हा चौथ्याचा. विषयाबद्दल लेखकाला काय वाटते, हा दुसऱ्याचा. परीक्षेत ह्या चारही प्रकारांचे प्रश्न येतात. विचारला जात नाही तो वाचकाचा प्रतिसाद. मजकूर वाचून वाचकाच्या मनात काय झाले, ह्याला तिथे जागा नाही. उलट ते बाजूला ठेवता येते की नाही, हीच परीक्षा आहे. रिचर्ड्‌सने चारही अर्थ एकत्र पाहायला सांगितले होते, कारण त्यांतला एक सुटला की उरलेले तीनही विकृत होतात. परीक्षेने लेखकाकडचे अर्थ घेतले आणि वाचकाच्या प्रतिसादाला दाराबाहेर ठेवले.

आपल्या परंपरेतून पाहिले तर हेच आणखी स्पष्ट दिसते. उताऱ्यावरून काय अनुमान निघते, हा ह्या परीक्षेतला सर्वांत अवघड समजला जाणारा प्रश्न. अभिधा आणि लक्षणा ह्यांच्या पलीकडचा, शब्दांत न सांगितलेला अर्थ इथे हवा असतो. नवव्या शतकात आनंदवर्धनाने त्यासाठी व्यंजनेची कल्पना मांडली आणि ध्वनी हा काव्याचा आत्मा मानला. पुढे महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त त्याचा प्रतिवाद केला: व्यंजना म्हणून वेगळी शक्ती मानण्याची गरज नाही, तुम्ही जिला ध्वनी म्हणता ते अनुमानच आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी महिमभट्ट वाचला असण्याचा संभव कमी. तरी ते त्याचेच अनुयायी म्हटले पाहिजेत. ध्वनीला सहृदय लागतो, आणि सहृदयांत मतभेद असू शकतो. अनुमान मात्र सर्वांचे सारखेच निघाले पाहिजे. २०२४ साली सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवारांनी 'कॅट' दिली. इतक्यांना एका रांगेत उभे करायचे तर सहृदयतेवर भागणार नाही, हे मान्य करावेच लागेल.

पण अनुमान तरी सर्वांचे सारखे निघते का? त्याच २०२४ च्या परीक्षेतील आकलनाच्या एका प्रश्नाचे जाहीर झालेले उत्तर चुकीचे आहे, असे म्हणत एक उमेदवार दिल्ली उच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. परीक्षांच्या उत्तरांबाबत तज्ज्ञांच्या मताच्या जागी न्यायालयाने आपले मत ठेवू नये, ही आपल्याकडची प्रस्थापित भूमिका आहे आणि कायद्याच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र ह्या घटनेकडे वेगळ्या कारणासाठी पाहावे. एका परिच्छेदाचा अर्थ काय, ह्या प्रश्नावर कोणी न्यायालयाची पायरी चढतो, हे आपल्या व्यवसायात कधी घडल्याचे ऐकिवात नाही. आपल्याकडे अर्थाविषयीचा मतभेद चर्चासत्रातल्या चहापर्यंत पोचतो आणि तिथेच निवतो. तिथे चुकीच्या वाचनाची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. परीक्षेत ती लागते: बरोबर उत्तराला तीन गुण, बहुपर्यायी प्रश्नातल्या चुकीच्या उत्तराला एक गुण वजा.

ह्या परीक्षेतले वाचन हे खरे वाचन नव्हे, असा आक्षेप आपल्यापैकी पुष्कळ जण घेतील, आणि तो मला निम्मा मान्य आहे. चाळीस मिनिटांत चार उतारे आणि वर आणखी आठ प्रश्न म्हणजे मजकुराशी रेंगाळण्याची सोय नाही. २००९ पासून ही परीक्षा संगणकावर आल्यामुळे ओळीखाली पेन्सिलीची रेघ ओढण्याचे, समासात प्रश्नचिन्ह काढण्याचे सुखही गेले. कोणता प्रश्न सोडून द्यायचा हे ठरवणे, ही तर तयारीची पहिली शिकवण असते. मजकूर सोडून देण्याचे शिक्षण वाचनाच्या नावाखाली दिले जावे, हे मला खटकतेच. शिवाय लेखकाशी असहमत होण्याचा पर्याय चारांमध्ये कधीच नसतो. माझा विद्यार्थी एकदा म्हणाला होता, "उताऱ्यातला माणूस चुकतोय हे मला कळतं मॅडम, पण ते कुठे लिहायचं?" त्याला उत्तर देता आले नाही. ते लिहिण्याची जागा साहित्याच्या आणि समाजशास्त्रांच्या वर्गात असायला हवी. ती तिथे तरी आहे का, हा पुढचा प्रश्न.

त्याआधी भाषेविषयी बोलले पाहिजे, कारण वसईत बसून तो मुद्दा टाळता येत नाही. ज्या गावातून 'सुवार्ता' हे मराठी मासिक निघते, ज्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्या गावात मराठी वाचणाऱ्या मुलांचा तुटवडा नव्हता. माझा विद्यार्थी घरी कादोडी, शाळेत प्रमाण मराठी आणि कचेरीत हिंदी-इंग्रजी असा तीन-चार भाषांतून सहज फिरतो. भाषेची जाण म्हणून जी म्हणतात ती त्याच्यापाशी भरपूर आहे. परंतु डॉक्टर होण्यासाठीची 'नीट' मराठीतून देता येते, अभियांत्रिकीची 'जेईई मेन' २०२१ पासून मराठीतून देता येते. व्यवस्थापनाची 'कॅट' मात्र फक्त इंग्रजीतून. राज्य शासनाच्या यंत्रणेकडून घेतल्या जाणाऱ्या सीईटीतही आकलनाची परीक्षा होते ती इंग्रजीच्या आकलनाची. पुढचे शिक्षण इंग्रजीत असल्याने हे अपरिहार्य आहे असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण त्यामुळे दोन भिन्न गोष्टी एकाच आकड्यात मिसळल्या जातात: मजकुरातला युक्तिवाद कळणे, आणि इंग्रजी कळणे. ज्याला पहिले येते पण दुसरे पुरते येत नाही त्याचा पर्सेंटाइल, आणि ज्याला दुसरे येते पण पहिले येत नाही त्याचा, हे शेजारी शेजारी येऊन बसतात.

मग पहिली गोष्ट मराठीतून शिकवण्याची जबाबदारी कोणाची? तिथे बोट आपल्याकडे वळते. शालान्त परीक्षेच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्याचा उतारा असतो. सारांशलेखन हा एके काळी शाळेतला नेहमीचा प्रकार होता. विद्यार्थी महाविद्यालयात येऊन साहित्य हा विषय घेतो, आणि नेमक्या तिथेच अपठित मजकूर त्याच्या आयुष्यातून नाहीसा होतो. नेमलेली कादंबरी, नेमलेला कवितासंग्रह, त्यांवरचे अपेक्षित प्रश्न, त्यांची बाजारात मिळणारी उत्तरे. 'व्यक्तिरेखा रेखाटा', 'वाङ्मयीन वैशिष्ट्ये सांगा', 'टिपा लिहा'. कादंबरी न उघडता ह्या प्रश्नपत्रिकेत पहिला वर्ग मिळवता येतो, हे आपल्याला ठाऊक आहे, विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, आणि आपल्याला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक आहे. ज्या परीक्षेला आपण यांत्रिक म्हणतो तिच्यात निदान मजकूर वाचल्यावाचून उत्तर देता येत नाही.

त्या रविवारनंतर मी एक प्रयोग करून पाहिला. तृतीय वर्षाच्या मराठीच्या वर्गात एका वैचारिक लेखातले एक पान लेखकाचे नाव काढून वाटले आणि चाळीस मिनिटांत तीन प्रश्नांची उत्तरे लिहायला सांगितली. लेखकाचे म्हणणे एका वाक्यात सांगा. ते त्याने कोणत्या सुरात सांगितले आहे आणि तसे तुम्हांला कोणत्या शब्दांवरून वाटते? तुम्ही त्याच्याशी कुठे असहमत आहात? पान हातात पडताच पहिला प्रश्न आला, "मॅडम, लेखक कोण?" दुसरा आला, "हे सिलॅबसमध्ये आहे का?" लेखक कळल्याशिवाय मत देणे त्यांना असभ्यपणाचे वाटत होते. अनेकांनी पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात लेखकाची प्रशंसा लिहिली. लेखकाने खोडून काढण्यासाठी दिलेले मत निम्म्याहून अधिक जणांनी त्याचेच मत म्हणून नोंदवले. म्हणजे माझीच चूक त्यांनी केली. असहमतीचा रकाना बहुतेकांनी कोरा ठेवला. ही मुले मंद नव्हेत. त्यांना तीन वर्षांत हे काम कोणी दिलेलेच नव्हते, आणि त्या कोणींमध्ये मीही होते.

दुसऱ्या आठवड्यात दुसरे पान दिले, मग तिसरे. चौथ्या खेपेला असहमतीच्या रकान्यात दोन-दोन परिच्छेद येऊ लागले, आणि लेखक कोण हे उत्तरे जमा झाल्यावर विचारले जाऊ लागले. ह्यावरून मोठा निष्कर्ष काढण्याचा माझा इरादा नाही. एका वर्गाचा, काही आठवड्यांचा हा अनुभव आहे.

माझे म्हणणे इतकेच आहे, की पदवीच्या प्रत्येक साहित्याभ्यासक्रमात, मराठीच्या आणि इंग्रजीच्याही, अंतिम परीक्षेतला एक ठळक हिस्सा अपठित मजकुराचा असावा. नाव नसलेले एक पान, आणि त्याबरोबर दोन कोरी पाने. प्रवेशपरीक्षेकडून मजकुरावरची निष्ठा घ्यावी आणि तिने गाळलेल्या दोन गोष्टी आपण भरून काढाव्यात: वाचताना मनात काय झाले ते तपासून सांगणे, आणि लेखक चुकत असेल तर तसे कारणांसह म्हणणे. ह्याची उत्तरे तपासायला वेळ लागेल, गुण देताना मतभेद होतील, गाइडवाल्यांचे नुकसान होईल. हे तिन्ही त्रास सोसण्यासारखे आहेत असे मला वाटते.

माझ्या विद्यार्थ्याला पहिल्या खेपेस हवे तितके गुण मिळाले नाहीत. गणितात बरे मिळाले, इंग्रजीत कमी पडले. तो पुन्हा बसणार आहे. अजूनही अधूनमधून उतारा घेऊन येतो. अलीकडे आम्ही आधी उत्तर निवडत नाही. आधी तो विचारतो, "मॅडम, ह्यात लेखक काय म्हणतोय, आणि आपण काय म्हणतोय?" हा प्रश्न त्याला मी बारावीत शिकवायला हवा होता.